पडदानशीन स्त्रियांच्या वकील कॉर्नेलिया सोराबजी

कायद्याने हक्क दिला म्हणजे तो हाती पडलाच असे नाही. हक्क सांगावयास कोणाचे तरी तोंड लागते. जी स्त्री घराबाहेर पडत नाही व परपुरुषाशी बोलत नाही, तिने वकिलाकडे जावे कसे? ही अडचण ओळखून कॉर्नेलिया सोराबजी ह्यांनी आपले आयुष्य तिच्या निवारणार्थ वेचले.

बाईंचा जन्म ता. १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. त्यांचे वडील रे. सोराबजी खरसेटजी हे पारशी कुळातून ख्रिस्ती झालेले मिशनरी होते. आई फ्रान्सिनाबाई ह्यांनी पुण्यास व्हिक्टोरिया हायस्कूल स्थापिले. वारसा व मालमत्ता ह्यांविषयी गाऱ्हाणी घेऊन पुण्याच्या स्त्रिया फ्रान्सिनाबाईंकडे सल्ल्यास येत. त्या गाऱ्हाण्यांचा मुलीच्या मनावर खोल ठसा उमटला.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून कॉर्नेलियाबाई पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री पदवीधर होत. एवढ्या गुणांवर पुरुष विद्यार्थ्यास विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळाली असती. स्त्री म्हणून ती त्यांस नाकारण्यात आली. काही काळ त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात अध्यापन केले. पुढे इंग्लंडातील हितचिंतकांनी वर्गणी जमविली, तीत फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांचाही हात होता. १८८९ साली बाई ऑक्सफर्डच्या समरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या. १८९२ साली खास ठरावान्वये त्यांनी कायद्याची उच्च परीक्षा दिली. ऑक्सफर्डात ती देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. परंतु तेथे स्त्रियांस पदवी देण्याचा नियम १९२० पर्यंत नव्हता. परीक्षा झाल्यानंतर तीस वर्षांनी, १९२२ साली, ती पदवी त्यांच्या हाती आली.

स्वदेशी परतल्यावरही दारे बंदच होती. १८९७ साली मुंबईची एलएल. बी. व १८९९ साली अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा त्या उतरल्या, तथापि सनद मिळेना. ह्या काळात काठेवाडातील संस्थानांतल्या स्त्रियांच्या तक्रारी इंग्रज एजंटांपुढे मांडण्याची त्यांस परवानगी होती, पण कोर्टात उभे राहण्याचा अधिकार नव्हता.

बाई निराश होऊन बसल्या नाहीत. पडदानशीन स्त्रियांकरिता सरकारने स्त्री सल्लागार नेमावी, असा आग्रह त्यांनी धरिला. १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे त्यांची नेमणूक झाली. वारस अज्ञान असला किंवा कारभार विधवेच्या शिरी आला म्हणजे जमीनदारीची व्यवस्था हे खाते आपल्याकडे घेई. बंगाल, बिहार, ओरिसा व आसाम हे बाईंचे क्षेत्र झाले.

हे काम नुसते कागदपत्रांचे नव्हते. पुरुष अधिकाऱ्यास जनानखान्यात प्रवेश नसे, त्यामुळे मालकिणीचे म्हणणे त्याला कारभाऱ्याच्या वा नातलगाच्या तोंडूनच कळे. पुष्कळदा तेच तिला नाडणारे असत. कागदात काय आहे हे न सांगता विधवेचा अंगठा घ्यावा आणि गावेच्या गावे गिळावीत, हा प्रकार जुनाच होता. कायदा येथे डोळे मिटून नव्हता. पडदानशीन स्त्रीने करून दिलेला दस्तऐवज तिला वाचून दाखविला व तिला तो समजला, हे ज्याला त्याचा लाभ घ्यावयाचा त्याने सिद्ध करावे, असा न्यायाधीशांचा दंडक होता. पण तक्रार कोर्टापर्यंत पोहोचलीच नाही, तर दंडक काय करणार? बाई पडद्याआड जाऊन मालकिणीशेजारी बसत, तिचेच म्हणणे ऐकत व ते सरकारपुढे मांडीत. दत्तकाचे वाद, पोटगी, सासू-सुनांचे कलह, अज्ञान मुलांचे शिक्षण, सारे त्यांच्यापुढे येई. सुमारे वीस वर्षांत सहाशेंवर स्त्रिया व अनाथ मुले ह्यांस त्यांचे साहाय्य झाले, असे सांगतात. १९०९ साली त्यांस कैसर-इ-हिंदचे सुवर्णपदक मिळाले.

१९२१ साली अलाहाबाद हायकोर्टाने त्यांस वकील म्हणून दाखल करून घेतले. १९२३ च्या कायद्याने देशभर स्त्रियांना वकिलीची मोकळीक झाली, आणि १९२४ साली, सत्तावन्नाव्या वर्षी, त्यांनी कलकत्त्यास वकिली आरंभिली. तेथेही पूर्वग्रहामुळे त्यांच्याकडे बहुधा लेखी अभिप्रायाचेच काम येई. १९२९ साली निवृत्त होऊन त्या लंडनला गेल्या.

त्यांची सर्वच मते देशबांधवांस रुचली नाहीत. इंग्रजी राज्यावर त्यांचा भरवसा होता. गांधीजींच्या चळवळीस त्यांनी विरोध केला, आणि कॅथरीन मेयो हिच्या १९२७ च्या पुस्तकाची बाजू घेतल्यामुळे त्या अनेकांच्या मनातून उतरल्या. हे लपविण्याचे कारण नाही. पण ज्या विधवेची जमीन वाचली तिच्या लेखी बाईंचे काम खरे होते. ता. ६ जुलै १९५४ रोजी लंडन येथे त्यांचे देहावसान झाले.

वाचकहो, जनानखाने गेले, पण वाचल्यावाचून उठविलेला अंगठा गेला नाही. भावाच्या विधवेपुढे किंवा बहिणीपुढे वाटणीचा कागद ठेवाल, तेव्हा तो तिला आधी सावकाश वाचून दाखवा, तिने विचारलेल्याचे उत्तर द्या, आणि ती नको म्हणाली तर तो तसाच परत घ्या.