हाफकिन आणि ६५ अंशांची लस

परळची हाफकिन संस्था आपणां सर्वांस परिचित आहे. ज्यांचे नाव तिला १९२५ साली देण्यात आले, ते वाल्डेमार हाफकिन जन्माने ओडेसाचे (१८६०). १८९६ च्या प्लेगात ते मुंबईस आले व ग्रँट मेडिकल कॉलेजात कामास लागले. मांसरसात वाढविलेले प्लेगचे जंतू ६५ अंश सेल्सियसवर तासभर ठेवले की मरत. मात्र शरीरात प्रतिकारशक्ती जागविण्याचा त्यांचा गुण टिकून राही. उष्णता कमी पडली तर जंतू जिवंत, फार वाढली तर लस दुर्बळ! १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली.

पुढे लशीतील कार्बोलिक आम्ल वगळून त्यांनी उष्णतेवरच भिस्त ठेवली. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले, आणि ठपका या बदललेल्या कृतीवर, म्हणजे हाफकिन यांच्यावर आला. वस्तुतः बाटली उघडताना तेथील साहाय्यकाचा चिमटा जमिनीवर पडला होता. रोनाल्ड रॉस प्रभृतींनी आवाज उठविल्यावर १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. चौकशीच्या फायलींत हयात घालविलेल्या आम्हांस ती पाच वर्षे फार बोचतात. ते हिंदुस्थानात परतले, पण कलकत्त्यास. मुंबईची प्रयोगशाळा त्यांच्या हाती पुन्हा आली नाही. १९१४ साली ते निवृत्त झाले व १९३० मध्ये लोझान येथे निवर्तले.