वतनावर सोडलेले पाणी

नोकरदाराचा पगार दुसरा कोणीतरी ठरवतो. तो कमी वाटला तर कुरकुर करायला साहेब असतो, युनियन असते. ज्याचा धंदा स्वतःचा, त्याची पंचाईत निराळी. गल्ला त्याचा, किल्ली त्याची आणि त्यातून घरी किती न्यायचे हे ठरवणाराही तोच. बँकेच्या नोकरीत कर्जाचे अर्ज तपासताना ताळेबंदातल्या विक्रीच्या आकड्याआधी मी मालकाची उचल पाहत असे. त्या एका आकड्यात माणूस बराचसा कळून येई.

हा प्रश्न काही प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांबरोबर जन्माला आलेला नाही. भोर आणि वेल्ह्याच्या डोंगराळ मुलखात साडेतीनशे वर्षांपूर्वी तो प्रत्येक देशमुखापुढे उभा होता. त्यांतल्या एकाने त्याला दिलेले उत्तर महाराष्ट्र अजून विसरलेला नाही. ते देशमुख म्हणजे रोहिडखोऱ्यातल्या कारी गावचे कान्होजी जेधे.

देशमुख हा सरकारचा चाकर आणि त्याच वेळी वतनाचा मालकही असे. परगण्याचा वसूल गोळा करायचा, सरकारचा भाग सरकारात भरायचा आणि आपला हक्क ठेवून घ्यायचा, अशी ही व्यवस्था. बादशहा राहणार विजापुरात आणि मध्ये सगळा सह्याद्रीचा पसारा. त्यामुळे आपला हक्क किती, हे पुष्कळदा देशमुख स्वतःच ठरवून टाकी. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत या कारभाराचे वर्णन आहे. रयतेकडून भरमसाट घ्यायचे, सरकारात थोडेसे टाकायचे आणि उरलेल्यातून वाडे, बुरूज बांधून प्यादे बाळगायचे, अशी रीत पडून गेली होती. उचलीला हिशेब नव्हता आणि विचारणाराही कोणी नव्हता.

असे वतन म्हटले की भाऊबंदकी आलीच. जेध्यांच्या घरात तर तिने रक्त सांडले. घराण्याच्या हकिकतीत सांगितले आहे, की कान्होजी तान्हे असतानाच त्यांचे वडील नाईकजी यांना सख्ख्या भावांनी वतनासाठी मारले. आईही वाचली नाही. विश्वासू माणसांनी बाळाला लपवून मोसे खोऱ्यात पासलकरांच्या आश्रयाला नेले. तिथले देशमुख बाजी पासलकर यांनी पुढे आपली मुलगी सावित्रीबाई कान्होजींना दिली. मोसे नदीवरच्या वरसगाव धरणाच्या जलाशयाला आज याच बाजींचे नाव आहे.

म्हणजे कान्होजींना वतन मिळाले ते आईबापांच्या जिवाचे मोल देऊन. अशी वस्तू माणूस किती घट्ट धरील, याची कल्पना करता येते.

कान्होजींनी मात्र नुसते वतन सांभाळत बसण्यात आयुष्य घालवले नाही. ते शहाजीराजांच्या पदरी गेले. १६४८ साली जिंजीकडे शहाजीराजांना कैद झाली, तेव्हा तेही कैदेत पडले. १६४९ मध्ये सुटका झाल्यावर शहाजीराजांनी त्यांना मावळात धाडले, ते तरुण शिवाजीराजांना साथ देण्यासाठी. मावळातल्या देशमुखांमध्ये कान्होजींच्या शब्दाला वजन होते.

दहा वर्षांनी त्या शब्दाची कसोटी लागली. १६५९ साली अफजलखान मोठी फौज घेऊन निघाला. त्याच जून महिन्यात आदिलशहाचे फर्मान कान्होजींच्या हाती पडले. खानाला येऊन मिळा, नाही तर वतनही जाईल आणि जीवही, असा त्याचा मतलब. शेजारच्या उत्रवळीचे खंडोजी खोपडे अशा वेळी आपले भले पाहून खानाला जाऊन मिळाले. कान्होजी आपल्या पाच मुलांना घेऊन महाराजांकडे गेले आणि फर्मान त्यांच्यापुढे ठेवले.

महाराजांनी त्यांना गळ घातली नाही. उलट, खोपडे गेले तसे तुम्हीही जा, नाही तर घरादारावर संकट येईल, असे सुचवले. यात मनाची परीक्षा किती आणि खरी काळजी किती, हे आज कोण सांगणार? कान्होजींनी मागचापुढचा विचार न करता पाणी मागवले आणि वतनावर पाणी सोडले. दान करताना उदक सोडतात, त्याच अर्थाने. एकदा पाणी सोडले की वस्तूवरचा हक्क संपला. बुडालेल्या पैशांवर पाणी सोडले, असे आपण आजही सहज म्हणून जातो, पण त्या दिवशी ते खरोखरीचे पाणी होते.

फर्मानाची धमकी त्या पाण्याबरोबर वाहून गेली. ज्याला आपली उचल शून्यावर आणता येते, त्याला उचल बंद करण्याची भीती कोण घालणार?

पुढची गोष्ट बखरकारांपेक्षा घरातल्या बायामाणसांना अधिक महत्त्वाची वाटेल. महाराजांनी जेध्यांचा कुटुंबकबिला कारीतून हलवून तळेगाव ढमढेरे येथे सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था केली. त्याग कान्होजींचा होता, पण त्याची झळ बायकामुलांना बसू नये हे पाहिले गेले. मग कान्होजींनी मावळातल्या देशमुखांची एकजूट बांधली. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली खानाचा निकाल लागला, त्यानंतरच्या धुमश्चक्रीत जेध्यांची माणसे होती. पुढे खंडोजी खोपडे सापडले, तेव्हा त्यांच्या जिवासाठी रदबदली केली तीही कान्होजींनीच. जीव वाचला, पण शिक्षा म्हणून खंडोजींना एक हात आणि एक पाय गमवावा लागला.

जेध्यांचे वतन अर्थातच जेध्यांकडेच राहिले. मात्र महाराजांच्या राज्यात देशमुखी पूर्वीसारखी राहिली नाही. वतनदारांचा हक्क रोख किती आणि धान्यात किती हे ठरवून दिले गेले आणि त्यापलीकडे रयतेकडून घ्यायला मनाई झाली. राज्याभिषेकानंतर प्रधानांनाही वार्षिक नेमणुका होत्या : पेशव्यांना १५,००० होन, अमात्यांना १२,०००, इतरांना १०,०००. घेणाऱ्याने आपल्या हाताने आपले ताट वाढून घ्यायचे नाही, हे त्यातले मर्म.

मला वाटते, स्वतःचा धंदा करणाऱ्याने यातून दोन्ही गोष्टी उचलाव्यात. गल्ल्यात हात घालून लागेल तसे नेणारे मालक मी पाहिले, तसे काहीच न घेण्याचा अभिमान बाळगणारेही पाहिले. दुसऱ्या प्रकारात धंद्याचा नफा कागदावर छान दिसतो, पण त्यात मालकाच्या राबण्याची किंमतच धरलेली नसते. घर मात्र बायकोच्या दागिन्यांवर चालत असते. त्यापेक्षा हेच काम दुसऱ्याकडून करून घेतले असते तर त्याला काय दिले असते, तो आकडा वर्षाच्या सुरुवातीलाच वहीत लिहून ठेवावा आणि भरभराट झाली तरी वर्षभर पाळावा. पाणी सोडायची वेळ आली तर ते आधी आपल्या उचलीवर सोडावे, नोकरांच्या पगारावर नव्हे. आणि घरची सोय त्याआधी लावावी.

कान्होजींना पैशाखेरीज आणखी एक मिळकत होती, ती मानाची. दरबारात तलवारीच्या पहिल्या पानाचा मान जेध्यांचा होता. १३ जुलै १६६० रोजी घोडखिंडीत हिरडस मावळातल्या बांदलांच्या माणसांनी बाजीप्रभूंबरोबर प्राण वेचले, तेव्हा तो मान बांदलांना द्यावा असे महाराजांच्या मनात आले. कान्होजींनी तोही आनंदाने सोडला. पैशावरची उचल कमी करणारे पुष्कळ भेटतात, खुर्चीचा मान दुसऱ्याला देणारे थोडेच.

राजाराम महाराजांच्या धामधुमीच्या काळात वतने देण्याची प्रथा पुन्हा सुरू झाली. त्यातून मोठी संस्थाने उभी राहिली, भोरचे संस्थान त्यांतलेच, ते १९४८ मध्ये विलीन झाले. देशमुखीची वतने मुंबई सरकारच्या १९५० च्या कायद्याने संपली. कारीच्या जेध्यांनी जपून ठेवलेली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. शिवजन्माची तिथी ठरवताना अभ्यासकांना तिचा मोठाच आधार झाला. भोरजवळच्या आंबवड्यात कान्होजींची समाधी दाखवतात. रोहिडखोऱ्याचा वसूल किती आणि जेध्यांचा हक्क किती, हे आज त्या गावात कोणी सांगू शकणार नाही. पाणी सोडल्याची गोष्ट मात्र शाळेतले पोरही सांगते.