विश्लेषण : स्वमग्न मुलांच्या वर्गात पंधरा दिवस एकच विषय का? ही पद्धत रुजवणारे डॉ. डेक्रोली कोण होते?

पंधरा दिवस वर्गात एकच विषय, समजा सफरचंद. मोजायची सफरचंदे, वास घ्यायचा सफरचंदाचा, चित्र त्याचे आणि वाचायचे वाक्यही त्याचेच. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांच्या अनेक वर्गांत असे ‘थीम’भोवती धडे आखले जातात. या पद्धतीचा माग काढला तर तो ब्रसेल्समधल्या एका डॉक्टरच्या राहत्या घरापर्यंत जातो.

डॉक्टर शिक्षणाकडे कसे वळले?

ओव्हिड डेक्रोली यांचा जन्म २३ जुलै १८७१ रोजी बेल्जियममधील रॉन्से गावचा. शाळेच्या शिस्तीशी त्यांचे कधी जमले नाही. पुढे गेंट येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन बर्लिन आणि पॅरिसमध्ये काही काळ काढला. ब्रसेल्समध्ये मेंदू व मज्जासंस्थेचे रुग्ण तपासताना त्यांच्यापुढे शाळेने परत पाठवलेली मुले येऊ लागली. या मुलांना नुसते औषध देऊन भागणार नव्हते. १९०१ मध्ये त्यांनी स्वतःच्या घरातच अशा मुलांसाठी संस्था उघडली आणि कुटुंबासह त्यांच्यातच राहू लागले. त्यामुळे जेवण, बाग, पाळीव प्राणी, आजारपण सगळेच त्यांच्या निरीक्षणाखाली आले.

‘अभिरुची केंद्र’ म्हणजे काय?

गणित, भाषा, भूगोल असे सुटे तास या मुलांच्या पचनी पडत नाहीत, हे डेक्रोलींच्या लक्षात आले. म्हणून त्यांनी विषयांऐवजी गरजा घेतल्या : भूक, ऊन-पाऊस-थंडीपासून निवारा, धोक्यापासून बचाव आणि सोबतीने काम. मूल आधी वस्तू हाताळते, मग तिची दुसऱ्या ठिकाणाशी, दुसऱ्या काळाशी सांगड घालते, शेवटी बोलून, लिहून किंवा मातीत घडवून ती व्यक्त करते. वाचनही अक्षरांपासून नाही, तर अख्ख्या वाक्यापासून सुरू होई.

१९०७ मध्ये त्यांनी हीच पद्धत सर्वसाधारण मुलांच्या शाळेत नेली. इथे प्रवास उलटा आहे. एरवी सर्वसाधारण शाळेतले शिक्षण सोपे करून विशेष मुलांना दिले जाते.

मग ऑटिझमचा संबंध कुठे?

डेक्रोलींच्या संस्थेतील कोणालाही हे निदान मिळालेले नव्हते. १९३२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि लिओ कॅनर यांचा ऑटिझमवरील मूळ निबंध आला १९४३ मध्ये. शिवाय, मूल आधी अखंड गोष्ट पाहते आणि नंतर तिचे भाग, असे डेक्रोली मानत. उटा फ्रिथ यांनी १९८९ मध्ये जवळपास उलटे मांडले : अनेक स्वमग्न व्यक्ती तपशील आधी टिपतात, त्यांचा एकसंध अर्थ लावणे जड जाते.

म्हणजे डेक्रोली चुकले? माझ्या मते, थीमचे काम इथे बदलते. एका टेबलावर शिकलेले ‘तीन’ दुसऱ्या टेबलावर वापरता न येणे, ही अनेक स्वमग्न मुलांची अडचण असते. मोजताना, कापताना, वाटताना तेच सफरचंद समोर आले, की सुटे तुकडे जोडणारा धागा बाहेरून मिळतो. इंजिनीअरिंगच्या भाषेत, इनपुट एक ठेवून परिस्थिती बदलायची.

एक पेच मात्र उरतो. डेक्रोलींची केंद्रे सगळ्या मुलांसाठी सामाईक होती. स्वमग्न मुलाचे मन मात्र कधी रेल्वेच्या वेळापत्रकात, कधी छताच्या पंख्यात अडकलेले असते. त्यामुळे शिक्षक आज अनेकदा सफरचंद बाजूला ठेवून पंख्यापासूनच सुरुवात करतात, पाती मोजायला लावतात.