चिरागनगरचे बिऱ्हाड

मुंबईत घाटकोपरच्या पश्चिमेला चिरागनगर नावाची वस्ती आहे. चिराग म्हणजे दिवा. पण ज्या काळाची ही गोष्ट आहे, त्या काळात अशा वस्त्यांत दिवा म्हणजे रॉकेलची चिमणीच असायची. पत्रे, जुन्या फळ्या, तरटे, जे हाताला लागेल ते घेऊन लोकांनी आडोसे उभे केले होते. पाऊस आला की वरून गळायचे आणि खालूनही ओल यायची. यातल्याच एका झोपडीत एक माणूस कागद मांडून लिहीत बसायचा. मराठी वाचकांना वेड लावणाऱ्या कादंबऱ्या त्या झोपडीतून बाहेर पडल्या. तो माणूस म्हणजे अण्णाभाऊ साठे.

अण्णाभाऊंचे पाळण्यातले नाव तुकाराम. वाळवे तालुक्यातल्या वाटेगावी, मांगवाड्यात, १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचा जन्म झाला. वडील भाऊराव, आई वालुबाई. घरी दारिद्र्य होतेच, शिवाय जातीच्या कपाळावर सरकारी शिक्का होता. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. गुन्हा केलेला असो वा नसो, हजेरी द्यायची. गाव सोडायचे तर परवानगी घ्यायची. ज्याला धड गावात राहू दिले जात नाही आणि गावाबाहेर जाऊही दिले जात नाही, त्याने आपले घर कोणते म्हणावे? अण्णाभाऊंच्या आयुष्याला हा प्रश्न लहानपणीच चिकटला. शाळेशी त्यांचा संबंध आला तो जेमतेम दीड दिवसाचा.

१९३०नंतरच्या दुष्काळी दिवसांत या कुटुंबाने मुंबईची वाट धरली. गाडीभाड्याला पैसे नव्हते, म्हणून ती वाट पायी धरली. आई, वडील, मुले आणि डोक्यावर बोचकी, असा तो प्रवास. वाटेत मिळेल ते काम करायचे, मिळेल तिथे चूल मांडायची आणि सकाळी उठून पुन्हा चालू लागायचे. मुंबई गाठली तेव्हा अण्णाभाऊ दहा-बारा वर्षांचे पोर होते. इथे त्यांनी हमाली केली, हॉटेलात काम केले, गिरणीतही राबले. अक्षरओळख पाट्या वाचून आणि सिनेमाच्या जाहिराती न्याहाळून झाली. शहर हीच त्यांची शाळा ठरली, आणि या शाळेने त्यांना दीड दिवसात बाहेर काढले नाही.

मग आला माटुंग्याचा लेबर कॅम्प. पोटासाठी मुंबईत आलेल्या कष्टकऱ्यांची ही वसाहत. कॅम्प म्हणजे तळ. तळ हा मुळात उठण्यासाठीच टाकलेला असतो. पण गरिबांचे तळ उठत नाहीत, तिथेच पिढ्या वाढतात. इथल्या दाटीत अण्णाभाऊंना दोन गोष्टी मिळाल्या, कामगार चळवळ आणि शाहिरी. कॅम्पातल्या डासांवर त्यांनी पोवाडा रचला होता. रात्रभर माणसांचे रक्त पिणारा डास हा पोवाड्याचा विषय होऊ शकतो, हे सुचायला त्या डासांतच झोपावे लागते. पुढे १९४४ साली शाहीर अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड घराघरात पोचली. गावाकडे बायको ठेवून शहरात आलेल्या मजुराची ताटातूट आणि महाराष्ट्राची ताटातूट त्यांनी एकाच गाण्यात गुंफली.

लेबर कॅम्पनंतर चिरागनगर. इथल्या झोपडीत अण्णाभाऊंनी सुमारे दोन दशके काढली. १९५९ साली ‘फकिरा’ आली. उपासमारीने गाव मरायला टेकले तेव्हा धान्य लुटून माणसे जगवणाऱ्या फकिराची ही कथा. तिला वि. स. खांडेकरांची प्रस्तावना होती आणि अर्पण होती ती बाबासाहेब आंबेडकरांना. १९६१ साली या कादंबरीला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अण्णाभाऊ रशियाला जाऊन आले. ज्या माणसाने एकेकाळी पायी मुंबई गाठली, तो विमानाने मॉस्कोला पोचला. तिथे त्यांचा आदरसत्कार झाला. ‘माझा रशियाचा प्रवास’ हे त्यांचे पुस्तक त्याची साक्ष देते. आणि मग ते परत आले. कुठे? चिरागनगरच्या झोपडीत.

इथे आपण क्षणभर थांबायला हवे. झोपडीत राहिले म्हणूनच ते इतके जिवंत लिहू शकले, असे अनेकदा कौतुकाने म्हटले जाते. आपल्यासारख्या पक्क्या भिंतीआड राहणाऱ्यांना हे बोलणे सोयीचेही वाटते. पण त्या वस्तीत हजारो माणसे होती. त्यांतले किती लेखक झाले? गळक्या छपराने कुणाला प्रतिभा दिल्याचे ऐकिवात नाही. छपराने अण्णाभाऊंकडून घेतलेच. स्वास्थ्य घेतले, प्रकृती घेतली. त्यांनी लिहिले ते झोपडीमुळे नव्हे, झोपडी असूनही.

शेजाऱ्यांकडे पाहण्याची त्यांची नजर मात्र वेगळी होती. ‘स्मशानातलं सोनं’ ही त्यांची कथा अनेकांनी वाचली असेल. खाण बंद पडते आणि भीमा बेकार होतो. स्मशानातल्या राखेत त्याला सोने सापडते आणि तो प्रेते उकरू लागतो. अखेर एका प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात, कायमची जातात. नेमकी तेव्हाच खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. पण दगड फोडणारे हात आता उरलेले नसतात. या भीमाचा अण्णाभाऊ निवाडा करत नाहीत आणि त्याच्यावर दयेचे अश्रूही ढाळत नाहीत. काम मागणारा एक धडधाकट माणूस म्हणूनच ते त्याला आपल्यापुढे उभा करतात. चिरागनगरच्या नावाने त्यांचा एक कथासंग्रहही आहे. दुरून वस्ती पाहणाऱ्याला पत्रे दिसतात. आत राहणाऱ्याला माणसे दिसतात.

१९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्घाटन अण्णाभाऊंनी केले. जगाचा भार दलितांच्या आणि कष्टकऱ्यांच्या तळहातांवर तोललेला आहे, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. ज्यांच्या तळहातांवर शहर उभे राहिले, त्यांना त्या शहरात पाय टेकण्यापुरती हक्काची जागा नव्हती, हे ते रोज घरी जाताना पाहतच होते.

पक्के घर त्यांना मिळाले, पण फार उशिरा. आयुष्याच्या अखेरीस गोरेगावच्या सिद्धार्थनगरात सरकारकडून त्यांना जागा मिळाली. तोवर शरीर खंगले होते, आर्थिक ओढाताण होती, मनाला एकटेपण आले होते. त्या घरात ते फार दिवस राहू शकले नाहीत. १८ जुलै १९६९ रोजी, वयाच्या पन्नाशीच्या आतच, तिथे त्यांची प्राणज्योत मालवली.

पुढे त्यांच्या नावाने रस्ते झाले, सभागृहे झाली. २००२ साली टपाल तिकीट निघाले. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. पुतळ्याला कायमची जागा मिळते. जिवंतपणी जागा मिळणे कठीण असते.

रविवारी मुलाबाळांसह आपण लोकलने कुठे निघतो, तेव्हा रुळांच्या कडेने अशाच वस्त्या धावत मागे जातात. खिडकीतले मूल विचारते, इथे कोण राहते? आपण नाकाला रुमाल लावून विषय बदलतो. पुढच्या वेळी त्या मुलाला चिरागनगरच्या बिऱ्हाडाची ही गोष्ट सांगावी. आणि त्या पत्र्यांआड आजही कुणी चिमणीच्या उजेडात लिहीत बसले असेल, एवढे तरी त्याच्या मनात राहू द्यावे.