लातूरचा वकील

आमच्या आजीच्या तोंडी एक शब्द कायम असायचा. आम्ही पोरांनी घरात धिंगाणा घातला की ती विचारायची, ही काय रझाकारी लावलीय म्हणून. परतूर तालुक्यातलं आमचं खेडं. रझाकार म्हणजे कुणीतरी बागुलबुवा असणार, असं मला बरीच वर्षं वाटायचं.

मित्रहो, होस्टेलवर आपला 17 सप्टेंबर कसा जातो ते तुम्हाला माहीतच आहे. सकाळी झेंडावंदन, मग पोहे, मग परत झोप! गेल्या वर्षी पोहे खाताना माझ्या रूममेटनं सहज विचारलं, की रझाकारांच्या त्या म्होरक्याचं पुढं झालं काय? कुणी म्हणालं फाशी झाली, कुणी म्हणालं चकमकीत मेला. आठ जणांत एकालाही नक्की सांगता येईना. सगळे मराठवाड्याचेच, तरीही! लाज वाटली. मग सबमिशन बाजूला ठेवून वाचायला बसलो. जे हाती लागलं ते सांगतो.

कासीम रझवी हा पेशानं वकील. शिक्षण अलीगढला, वकिली आपल्या लातूरला. तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात, जालना औरंगाबाद जिल्ह्यात आणि आमचं परतूर परभणीत होतं. हे सगळं निजामाच्या हैदराबाद संस्थानात. बहादूर यार जंग 1944 साली वारले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेची सूत्रं रझवीच्या हातात आली. माणूस बोलण्यात पटाईत. सभा पेटवायचा. रझाकार ही त्या संघटनेची स्वयंसेवक सेना. तिला त्यानं हत्यारं दिली आणि गावोगाव मोकळं सोडलं.

ऑक्टोबर 1947 मध्ये निजामाचं शिष्टमंडळ दिल्लीला निघालं होतं. रझवीच्या जमावानं त्यांच्या घरांना वेढा घालून त्यांना अडवलं. नोव्हेंबरमध्ये कसाबसा जैसे-थे करार झाला. पण गावांतली लूट, जाळपोळ आणि खून काही थांबले नाहीत. बिदरकडचं गोरटा, तेलंगणातलं भैरानपल्ली ही नावं आजही तिकडचे लोक विसरलेले नाहीत. सीमेपलीकडच्या छावण्या निर्वासितांनी भरल्या. आणि रझवीच्या विरोधात फक्त हिंदूच होते असंही नाही. शोएबुल्ला खान हा 'इमरोज' या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक. संस्थान भारतात विलीन व्हावं असं तो लिहायचा. ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत त्याचा खून झाला आणि मारणाऱ्यांनी त्याचा हातही तोडला.

13 सप्टेंबर 1948 ला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं. 15 तारखेला गुरखा पलटणीची एक तुकडी आपल्या जालन्यात आली. दुसऱ्याच दिवशी, 16 तारखेला, पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत हैदराबादची भारताविरुद्धची तक्रार सुनावणीला निघाली! 17 तारखेला निजामानं हात टेकले आणि काही दिवसांत ती तक्रार मागे घेतल्याचं कळवलं. रझवी पकडला गेला.

आता खरा प्रश्न. एवढ्या मोठ्या पापाचा खटला भरायचा तरी कुठल्या कलमाखाली? जर्मनीत न्यूरेंबर्गचा मुख्य निकाल 1946 सालीच लागला होता. जपानी नेत्यांवरचा टोकियोचा निकाल नोव्हेंबर 1948 मध्ये लागला. त्याच पॅरिसमध्ये 9 डिसेंबर 1948 ला वंशसंहारविरोधी करार मंजूर झाला. पण हे सगळं जगाच्या पातळीवर. हैदराबादेत लष्करी गव्हर्नर मेजर जनरल चौधरी यांनी विशेष न्यायाधिकरणं नेमली आणि तिथं कलमं होती ती साधी, म्हणजे खून, कट, दरोडा.

रझवीच्या विरोधात शेवटी टिकला तो बीबीनगरचा खटला. जानेवारी 1948 मध्ये हैदराबादजवळच्या त्या गावावर रझाकारांनी धाड घातली होती. त्यात त्याला सात वर्षं सक्तमजुरी झाली. वकीलच तो, स्वस्थ कसा बसणार? विशेष न्यायाधिकरण म्हणजे राज्यघटनेतल्या समानतेच्या हक्काचा भंग, असं म्हणत तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. 1953 साली न्यायालयानं बहुमतानं त्याचं म्हणणं फेटाळलं. काही काळ तो पुण्याच्या येरवड्यात होता. 1957 साली सुटला, पाकिस्तानात गेला आणि 1970 साली कराचीत मेला. ना फाशी, ना चकमक.

म्हणजे संस्थानभर जे घडलं त्याचा हिशेब एका गावावरच्या दरोड्याचा! पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझी चिडचिड झाली. निजामाला तर कुणी विचारलंच नाही, उलट 1950 साली तो हैदराबादचा राजप्रमुख झाला. पंतप्रधान लायक अली नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात पोचला. पण नंतर दुसरंही जाणवलं. शोएबुल्लाला साधी एक तारीखही मिळाली नव्हती. रझवीला वकील मिळाला, अपील मिळालं, पाच न्यायमूर्तींपुढं भांडायला मिळालं. त्याच्यात आणि आपल्यात फरक आहे तो इथंच, आणि तो टिकवायला हवा.

हे सगळं मी रूममेटला सांगितलं. तो उस्मानाबादकडचा, म्हणजे आताच्या धाराशिवचा. थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला की त्याच्या पणजोबांनाही त्याच सप्टेंबरात घर सोडावं लागलं होतं, पण रझाकारांमुळं नाही, रझाकार गेल्यानंतर. ते रझाकार नव्हते, फक्त मुसलमान होते. मला हे माहीतच नव्हतं. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं तेव्हा संस्थानात फिरून सरकारला अहवाल दिला होता. पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि त्यानंतर 27 ते 40 हजार माणसं मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. सगळ्यात जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेडला. तो अहवाल सरकारनं कित्येक वर्षं छापलाच नाही. रझवीचा निदान दरोड्याचा तरी खटला झाला, या माणसांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

1946 साली वंशसंहार हा गुन्हा ठरवा, असा ठराव संयुक्त राष्ट्रांत मांडणाऱ्या तीन देशांत क्यूबा आणि पनामाबरोबर आपला भारत होता. 1959 साली आपण तो करार पक्का केला. पण त्यासाठी लागणारा देशातला वेगळा कायदा अजून झालेला नाही. हेग इथलं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय 2002 पासून आहे, त्याचेही आपण सदस्य नाही.

यंदा 17 सप्टेंबरला झेंडावंदन झाल्यावर मी आणि रूममेट पोहे घेऊन पायरीवर बसलो. त्यानं माझ्या आजीची गोष्ट ऐकली, मी त्याच्या पणजोबांची. झोपायला काही गेलो नाही.

— एक होस्टेलकर, तृतीय वर्ष, स्थापत्य