खेड्यातल्या रुग्णाचा हिशेब मांडणारे सर जोसेफ भोर

चिकोडी-निपाणी भागात घरातले दुखणे बळावले की दोन चर्चा एकदम सुरू होतात. एक दुखण्याची, दुसरी कार्डाची. एकीकडे बेळगाव, दुसरीकडे मिरज-कोल्हापूर, आणि घाट उतरून गेले तर बांबोळीचे गोमेकॉ. रस्ते ओळखीचे आहेत. दारात विचारले जाणारे प्रश्न मात्र दर ठिकाणी निराळे. 2023 मध्ये महाराष्ट्र शासनाने सीमाभागातील 865 गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा कर्नाटकाने त्यास जोरदार हरकत घेतली. गोव्यानेही जानेवारी 2018 पासून गोमेकॉत परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले. आपल्या करातून उभ्या राहिलेल्या रुग्णालयात आधी आपल्या माणसाला खाट मिळावी, ही भावना त्यामागे होती आणि ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. उपचार कोणाला, किती आणि कोणाच्या पैशाने, हा वाद मात्र या योजनांहून पुष्कळ जुना आहे. त्याचे पहिले सविस्तर उत्तर या देशात ज्या समितीने दिले, तिचे अध्यक्ष सर जोसेफ विल्यम भोर हे मूळचे नाशिकचे होते.

भोर यांचा जन्म 6 एप्रिल 1878 रोजी नाशिक येथे एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. पुण्यातील बिशप्स हायस्कूल, डेक्कन कॉलेज आणि पुढे लंडनचे युनिव्हर्सिटी कॉलेज, असे त्यांचे शिक्षण. 1902 मध्ये ते सनदी सेवेत दाखल झाले आणि मद्रास इलाख्यात रुजू झाले. 1914 पासून पाच वर्षे ते कोचीन संस्थानचे दिवाण होते. त्यांच्या पत्नी मार्गारेट स्टॉट या स्कॉटलंडमध्ये शिकलेल्या डॉक्टर. सार्वजनिक आरोग्याचा विषय भोरांच्या घरात असा समिती नेमली जाण्याच्या कितीतरी आधीच आलेला होता.

तरीही त्यांची कारकीर्द आरोग्यखात्यात घडली नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. लंडनमध्ये हिंदुस्थानचे हंगामी उच्चायुक्त, नंतर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात आधी उद्योग व मजूर आणि मग वाणिज्य व रेल्वे, ही त्यांची पदे. जपानशी झालेल्या व्यापारी वाटाघाटींत हिंदी बाजूचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. 1934 च्या त्या करारात जपानने येथील 15 लाख गाठी कापूस घेतला, तर त्याला 40 कोटी वारांपर्यंत कापड येथे पाठवता येईल, असा बांधीव सौदा ठरला. गाठीला वार आणि वाराला गाठ, असा हिशेब घालणारा हा माणूस बाजाराचा शत्रू नव्हता. समाजवादी तर नव्हताच.

1935 च्या सुमारास ते निवृत्त झाले. पुढे ऑक्टोबर 1943 मध्ये, महायुद्ध चालू असताना आणि बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत असताना, सरकारने आरोग्य पाहणी व विकास समिती नेमून तिचे अध्यक्षपद त्यांना दिले. समितीत बिधनचंद्र रॉय होते, लक्ष्मणस्वामी मुदलियार होते, आणि कामगार चळवळीतले ना. म. जोशीही होते. विलायतेत बेव्हरिज अहवाल येऊन जेमतेम वर्ष लोटले होते.

1946 मध्ये चार खंडांत आलेला हा अहवाल आजही वाचवत नाही, इतके त्यातले आकडे भीषण आहेत. जन्मलेल्या हजार मुलांमागे 162 मुले वर्षाच्या आत दगावत. सरासरी आयुर्मान सत्तावीस वर्षांच्या आसपास. एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे दहा वर्षांखालील मुलांचे. ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे 47,500 डॉक्टर, म्हणजे साधारण 6,300 माणसांमागे एक. परिचारिका अवघ्या 7,000, म्हणजे 43,000 माणसांमागे एक. त्यात डॉक्टरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश शहरांत, आणि माणसे मात्र दहांतली जवळपास नऊ खेड्यांत.

व्यापाराच्या हिशेबात मुरलेल्या अध्यक्षांना या शेवटच्या आकड्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती. गिऱ्हाईक जेथे पैसे देऊ शकते तेथेच दुकान थाटले जाते. चिकोडी तालुका तेव्हा मुंबई इलाख्याच्या बेळगाव जिल्ह्यात होता. तंबाखू आणि भुईमूग पिकवणाऱ्या अशा मुलखात सुगीनंतर चार पैसे हाती येत, पण आजार सुगी पाहून येत नाहीत. मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी 1894 मध्ये उघडलेल्या मिशन रुग्णालयाने या पंचक्रोशीतल्या गरिबांसाठी मोठे काम केले होते. तेथे धर्मादायाच्या बळावर गरिबांची सोय होई. परंतु एका गावाला लाभलेला सेवाभावी डॉक्टर ही देशाची व्यवस्था होऊ शकत नाही, हे उघड होते.

मग पैसा कोणी द्यायचा? विम्याचा मार्ग समितीपुढे होता. पण विमा पगारदाराच्या वर्गणीवर चालतो. शेतमजुराची वर्गणी कापायची कोठून? आणि गरिबीची चौकशी करून काहींनाच मोफत उपचार द्यायचे, तर ती चौकशी कोण करणार आणि किती लोक तिच्या फेऱ्यात अडकणार? समितीने प्रारंभी तरी उपचार सर्वांना, भेदभावाविना, विनामूल्य द्यावेत, आणि ऐपतदारांचा वाटा करांच्या रूपाने वसूल करावा, असे सुचवले. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हे तिचे पहिलेच तत्त्व होते. कार्ड हा प्रकारच त्या आराखड्यात नव्हता.

तुटवडा मात्र समितीने नाकारला नाही. माणसे थोडी, पैसा थोडा. तेव्हा आधी कोणाला, हे ठरवणे भागच होते. तिने पहिला क्रम खेड्याला दिला. अल्प मुदतीच्या योजनेत 40,000 लोकवस्तीमागे एक प्राथमिक केंद्र, त्यात दोन डॉक्टर, गावोगाव फिरणाऱ्या चार आरोग्य परिचारिका, चार सुईणी. दीर्घ मुदतीत दहा ते वीस हजार लोकांमागे 75 खाटांचे रुग्णालय, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी 2,500 खाटा. सरकारी पगार घेणाऱ्या डॉक्टरने खासगी व्यवसाय करू नये, अशीही शिफारस होती. ती आजही कित्येकांना झोंबेल.

अहवालात उणिवा होत्या. खासगी वैद्यक तसेच चालू राहिले, तर सरकारी नोकरीत चांगला डॉक्टर टिकेल कसा, या प्रश्नाला पुरेसे उत्तर त्यात नाही. गावातल्या वैद्याला त्याने जवळपास बाजूलाच ठेवले. तीन-चार वर्षांत शिकून खेड्यात जाणाऱ्या परवानाधारक डॉक्टरांचा अभ्यासक्रम बंद करून सर्वांना एकच पदवी ठेवावी, या शिफारशीवर काही सदस्यांनी भिन्नमत नोंदवले. त्यांचे म्हणणे पुढे फार खोटे ठरले नाही. पदवीधर डॉक्टरांचे पाय शहराकडेच वळले.

स्वतंत्र भारताने या अहवालातले काय उचलले, ते पाहणे उद्‌बोधक आहे. दिल्लीत मोठी वैद्यकीय संस्था असावी ही त्याची शिफारस होती; अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था 1956 मध्ये उभी राहिली. खेड्यांच्या वाट्याला 1952 पासून, सामूहिक विकास योजनेतून, प्राथमिक आरोग्य केंद्रे आली. मात्र 40,000 लोकांऐवजी सुमारे लाखभर वस्तीच्या एकेका गटामागे एक, आणि त्यात सहा खाटा. विलायतेत 5 जुलै 1948 पासून करांच्या पैशावर सर्वांना मोफत आरोग्यसेवा सुरू झाली, तीही कर्जाने वाकलेल्या युद्धोत्तर काळात. येथे पैसा नव्हता हे खरे. पण होता तो कोठे आधी गेला, हेही खरे.

1 नोव्हेंबर 1956 रोजी चिकोडी तालुका म्हैसूर राज्यात गेला. गोवा तर तेव्हा भारतातच नव्हता. भोरांच्या समितीची आखणी मात्र वेगळ्या पायावर होती. प्राथमिक केंद्रातून दुय्यम रुग्णालयात आणि तेथून जिल्ह्याला, अशी रुग्णाची वाट सरळ आखलेली होती. 

भोर अखेरच्या काळात ग्युर्नसी या इंग्लिश खाडीतल्या बेटावर राहत होते. तेथेच 1960 मध्ये त्यांचे निधन झाले. चिकोडी, निपाणी किंवा गोव्यातल्या एखाद्या केंद्रात आज सकाळी केसपेपरसाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्यांचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याच्या खिशात आधार कार्ड आहे, रेशनकार्ड आहे, आणि खिडकीतून दोन्हींची झेरॉक्स मागितली जाते आहे.