दोमेनिको स्कार्लात्ती

जुझेप्पे दोमेनिको स्कार्लात्ती (जन्म : नेपल्स, २६ ऑक्टोबर १६८५; मृत्यू : माद्रिद, २३ जुलै १७५७) हा बरोक कालखंडाच्या अखेरच्या टप्प्यातील इटालियन संगीतरचनाकार व हार्पसिकॉर्डवादक होता. त्याने ऑपेरा, कांताता व चर्चसंगीतही रचले. परंतु त्याची ख्याती मुख्यतः ५५५ सोनाट्यांवर आधारलेली आहे. यातील बहुतेक सोनाटे एकाच भागाचे असून ते हार्पसिकॉर्डसाठी लिहिलेले आहेत. बरोक काळातील सोनाटा आणि पुढे हायडन, मोझार्ट व बेथोव्हेन यांच्या रचनांतून स्थिरावलेला सोनाटा आकृतिबंध यांच्यामधील स्थित्यंतर समजून घेण्यासाठी या रचनांचा विशेष अभ्यास केला जातो. योहान सेबास्टियन बाख आणि गेओर्ग फ्रीडरिश हँडेल यांचा जन्मही १६८५ मध्येच झाला होता.

जन्म आणि कुटुंब

दोमेनिकोचा जन्म नेपल्स येथे झाला. हे शहर त्या वेळी स्पेनच्या राजसत्तेखाली होते. त्याचे वडील अलेस्सांद्रो स्कार्लात्ती (१६६०–१७२५) हे ऑपेरा व कांताता या प्रकारांतील त्या काळचे अग्रगण्य रचनाकार होते. दहा भावंडांमध्ये दोमेनिको सहावा. सप्टेंबर १७०१ मध्ये, वयाची सोळा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्याची नेपल्सच्या राजप्रार्थनागृहात ऑर्गनवादक व रचनाकार म्हणून नेमणूक झाली. १७०३ मध्ये त्याचे पहिले ऑपेरा नेपल्समध्ये सादर झाले.

वडिलांची प्रतिष्ठा दोमेनिकोला जशी उपयोगी पडली, तशीच ती दीर्घकाळ त्याच्यावर दडपण आणणारीही ठरली. त्याने कोठे राहावे, कोणाकडे नोकरी करावी, हे अलेस्सांद्रो ठरवीत. १७०५ मध्ये त्यांनीच मुलाला नेपल्समधून बाहेर काढून व्हेनिसला पाठवले. अखेर १७१७ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, वडिलांच्या अधिकारातून मुक्त केल्याचा कायदेशीर दस्तऐवज दोमेनिकोला मिळाला.

व्हेनिस आणि रोम

व्हेनिसमधील वास्तव्यात आयर्लंडमध्ये वाढलेला तरुण संगीतकार थॉमस रोझिनग्रेव्ह याने त्याचे वादन ऐकले. रोझिनग्रेव्ह त्या वादनाने इतका भारावला, की पुढे इंग्लंडमध्ये स्कार्लात्तीच्या रचनांचा प्रसार करणाऱ्यांत तो अग्रणी ठरला.

१७०९ मध्ये दोमेनिको रोममध्ये पोलंडची निर्वासित राणी मारिया काझिमिरा हिच्या सेवेत रुजू झाला व तिच्या खाजगी रंगभूमीसाठी त्याने अनेक ऑपेरा लिहिले. त्या वेळी रोममधील संगीतजीवन कार्डिनल पिएत्रो ओत्तोबोनी याच्या वाड्याभोवती फुललेले होते. व्हायोलिनवादक आर्कांजेलो कोरेल्ली हा याच वाड्यात राहत असे. त्याच्या सोनाट्यांच्या पाच संग्रहांनी (१६८१ ते १७००) बरोक सोनाट्याला निश्चित रूप दिले होते. हँडेलच्या पहिल्या चरित्रकाराने दिलेल्या माहितीनुसार हँडेल आणि स्कार्लात्ती यांची वादनस्पर्धा ओत्तोबोनी याच्याच पुढाकाराने झाली. ऑर्गनवादनात हँडेल निर्विवाद श्रेष्ठ ठरला. हार्पसिकॉर्डच्या बाबतीत मात्र श्रोत्यांमध्ये मतभेद राहिले.

१७१४ च्या अखेरीस दोमेनिको व्हॅटिकनमधील सेंट पीटर चर्चच्या ‘काप्पेल्ला जुलिया’ या गायकवृंदाचा प्रमुख झाला. दहा आवाजांसाठी रचलेले ‘स्ताबात मातेर’ ही त्याच्या चर्चसंगीतातील सर्वांत प्रसिद्ध रचना होय. १७१९ मध्ये त्याने हे पद सोडले.

लिस्बन

नोव्हेंबर १७१९ मध्ये स्कार्लात्ती लिस्बनला पोहोचला आणि पोर्तुगालचा राजा पाचवा जोआंव (कारकीर्द १७०६–१७५०) याच्या पदरी राजप्रार्थनागृहाचा संगीतप्रमुख झाला. गोवा, दमण, दीव आणि वसई ही ठाणी ज्याच्या सत्तेखाली होती, तो हाच राजा. ब्राझीलमधून येणाऱ्या सोन्यामुळे त्याचा दरबार अत्यंत श्रीमंत झाला होता आणि रोमच्या तोडीचे चर्चसंगीत लिस्बनमध्ये उभे करण्याची त्याची महत्त्वाकांक्षा होती.

राजाची कन्या मारिया बार्बारा (जन्म १७११) आणि राजाचा धाकटा भाऊ आंतोनियो यांना संगीत शिकवण्याचे कामही स्कार्लात्तीकडे आले. मारिया बार्बारा ही असामान्य प्रतीची वादक होती आणि हे गुरुशिष्याचे नाते स्कार्लात्तीच्या मृत्यूपर्यंत टिकले. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात लिस्बनमधील राजवाडा आणि त्यातील संगीत-ग्रंथसंग्रह नष्ट झाला. त्यामुळे स्कार्लात्तीच्या पोर्तुगालमधील कार्याचा मोठा भाग कायमचा हरवला.

१७२८ मध्ये रोम येथे त्याचा विवाह मारिया कातेरिना जेंतिली हिच्याशी झाला.

स्पेनमधील वास्तव्य

जानेवारी १७२९ मध्ये मारिया बार्बाराचा विवाह स्पेनचा युवराज फर्नांदो याच्याशी झाला. राजकन्येबरोबर तिचा संगीतगुरूही स्पेनला गेला. पहिली चार वर्षे दरबार सेव्हिल येथे होता. तेथे अंदालुसियातील लोकसंगीत, गिटारवादन आणि नृत्यांचे ठेके स्कार्लात्तीच्या कानांवर पडले. १७३३ मध्ये दरबार माद्रिदला परतला आणि उर्वरित आयुष्य स्कार्लात्तीने तेथेच घालवले.

१७३८ मध्ये पाचव्या जोआंवने त्याला सांतियागो पंथाचा सरदार म्हणून गौरवले. याच सुमारास ‘एस्सेरचिझी’ (अभ्यासपाठ) या नावाने त्याच्या ३० सोनाट्यांचा संग्रह लंडनमध्ये छापला गेला. हा संग्रह त्याने पाचव्या जोआंवलाच अर्पण केला. प्रस्तावनेत त्याने वाचकाला सांगितले, की येथे गहन विद्वत्ता शोधू नये. हा कलेशी केलेला चतुर खेळ आहे. स्कार्लात्तीच्या देखरेखीखाली छापलेला हा त्याच्या सोनाट्यांचा एकमेव संग्रह होय. पुढच्याच वर्षी, मे १७३९ मध्ये, चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसईचा किल्ला जिंकला आणि याच राजाच्या हातून उत्तर कोकणातील प्रदेश गेला.

मे १७३९ मध्येच स्कार्लात्तीच्या पत्नीचे निधन झाले. काही वर्षांनी त्याने कादिझ येथील आनास्तासिया हिमेनेस हिच्याशी दुसरा विवाह केला. १७३७ पासून प्रख्यात गायक फारिनेल्ली हाही माद्रिदच्या दरबारी होता. दरबारातील ऑपेरा आणि समारंभ यांची सूत्रे पुढे फारिनेल्लीकडे गेली. त्याच्या प्रसिद्धीपुढे स्कार्लात्ती मागे राहिला. १७४६ मध्ये सहावा फर्नांदो राजा आणि मारिया बार्बारा राणी झाली. त्यानंतरही स्कार्लात्तीचे काम राणीच्या दालनापुरतेच मर्यादित होते. एकेकाळी नाट्यगृहे आणि चर्च यांसाठी लिहिणारा हा रचनाकार आता मुख्यतः एका व्यक्तीसाठी लिहीत होता आणि त्याचे सर्वोत्तम कार्य याच काळातील मानले जाते.

२३ जुलै १७५७ रोजी माद्रिद येथे त्याचे निधन झाले. त्याचे दफन सान नोर्बेर्तो मठात झाले. तो मठ पुढे पाडला गेल्याने त्याची कबर आज अस्तित्वात नाही.

बरोक सोनाटा

सोनाटा या इटालियन शब्दाचा मूळ अर्थ ‘वाजवलेले’ असा आहे. ‘गायलेले’ या अर्थाच्या कांताता या शब्दाच्या जोडीने तो रूढ झाला. सुरुवातीला हे नाव कोणत्याही ठरावीक आकृतिबंधाचे द्योतक नव्हते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचे दोन मुख्य प्रकार झाले. चर्चसाठीच्या सोनाट्यात साधारणतः विलंबित–द्रुत–विलंबित–द्रुत असे चार भाग असत. दरबारी सोनाटा ही नृत्यांवर आधारलेल्या भागांची मालिका असे. दोन्हींमध्ये एक किंवा दोन व्हायोलिन वरची स्वरावली वाजवीत आणि खालच्या खर्जाच्या ओळीवर हार्पसिकॉर्ड किंवा ऑर्गनवादक उत्स्फूर्तपणे स्वरसमूहांची भर घालीत असे. कोरेल्लीचे सोनाटे हा या पद्धतीचा आदर्श होय.

स्कार्लात्तीच्या मोजक्याच रचना (उदा. क्रमांक ८१ आणि ८८ ते ९१) या जुन्या, अनेक भागांच्या साच्यातील आहेत. बाकी जवळजवळ सर्वत्र त्याने व्हायोलिनची जागा एकट्या हार्पसिकॉर्डला दिली आणि अनेक भागांऐवजी एकच भाग ठेवला.

स्कार्लात्तीच्या सोनाट्याची रचना

हार्पसिकॉर्ड हे पट्ट्या दाबून वाजवायचे तंतुवाद्य आहे. पट्टी दाबली की आतील पक्ष्याच्या पिसाचा तुकडा तार छेडतो. बोटाचा जोर वाढवून आवाज मोठा करता येत नाही. ही मर्यादा स्कार्लात्तीने निरनिराळ्या युक्त्यांनी ओलांडली. एकाच वेळी अनेक स्वर दाटीने वाजवून आघात निर्माण करणे, गिटारच्या झंकारासारखे खडे विसंवादी स्वर मिसळणे, एकच स्वर वेगाने पुन्हा पुन्हा छेडणे (क्रमांक १४१), लांब उड्या आणि एका हातावरून दुसरा हात पलीकडे नेणे (क्रमांक १२०) ही त्याच्या शैलीची ठळक वैशिष्ट्ये होत. याउलट क्रमांक ८७ सारखी रचना अत्यंत शांत असून चार स्वरावलींच्या गुंफणीतून उलगडते.

या रचनांचा साचा द्विदल असतो. तो समजण्यासाठी हिंदुस्थानी संगीताशी असलेला एक मूलभूत फरक लक्षात घ्यावा लागतो. रागगायनात तानपुऱ्याचा षड्ज प्रारंभापासून अखेरपर्यंत स्थिर असतो. पाश्चात्त्य संगीतात षड्जाचे स्थानच रचनेच्या ओघात बदलू शकते. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचे तर, रचना ‘पांढरी एक’ला षड्ज मानून सुरू होते, परंतु पहिले दल संपताना ‘पांढरी पाच’, म्हणजे मूळ पंचम, हाच नवा षड्ज झालेला असतो. हे दल पुन्हा एकदा वाजवले जाते. दुसरे दल या नव्या स्थानापासून निघते, दूरच्या स्वरस्थानांत भ्रमण करते आणि शेवटी ‘पांढरी एक’वर परतते. पहिल्या दलाच्या अखेरीस जी स्वरवाक्ये पंचमाच्या घरात ऐकू आली होती, तीच आता मूळ घरात ऐकू येतात. श्रोत्याला मिळणारे समाधान या घरवापसीत असते.

सोनाटा आकृतिबंधाशी संबंध

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हायडन व मोझार्ट यांच्या रचनांत दिसणारा सोनाटा आकृतिबंध याच द्विदल साच्यातून विस्तारला. त्याचे तीन टप्पे मानले जातात : विषयांची मांडणी, त्यांचा विकास आणि पुनरागमन. ही मांडणी आणि तिची परिभाषा बरीच नंतर, एकोणिसाव्या शतकात, ए. बी. मार्क्स यांच्यासारख्या सिद्धांतकारांनी निश्चित केली. त्यामुळे स्कार्लात्ती किंवा हायडन यांच्यासमोर असा लिखित नियम नव्हता.

स्कार्लात्तीच्या सोनाट्यात दुसऱ्या दलाचा पूर्वार्ध विकासाच्या टप्प्यासारखा असतो आणि अखेरचा भाग पुनरागमनासारखा. परंतु एक महत्त्वाचा भेद राहतो. सोनाटा आकृतिबंधात मूळ षड्जाचे परत येणे आणि प्रारंभीच्या विषयाचे परत येणे या दोन घटना सामान्यतः एकाच क्षणी घडतात. स्कार्लात्ती प्रारंभीचे स्वरवाक्य बहुधा परत आणतच नाही. तो परत आणतो ते पहिल्या दलाच्या उत्तरार्धातील स्वरवाक्य. म्हणूनच त्याला सोनाटा आकृतिबंधाचा जनक म्हणणे योग्य ठरत नाही. त्याच्या बहुतेक रचना माद्रिदच्या दरबाराबाहेर फारशा पोहोचल्याही नव्हत्या. उत्तरेकडे हा विकास बाखचा पुत्र कार्ल फिलिप इमान्युएल बाख व त्याचे समकालीन यांच्याकडून स्वतंत्रपणे झाला. मात्र अगदी लहानशा साच्यात केवळ षड्जाच्या स्थलांतराने किती नाट्य निर्माण करता येते, हे स्कार्लात्तीइतक्या विविधतेने त्या काळात क्वचितच कोणी दाखवले.

हस्तलिखिते आणि क्रमांकन

स्कार्लात्तीच्या स्वहस्ताक्षरातील एकही सोनाटा उपलब्ध नाही. या रचना टिकल्या त्या राणीसाठी केलेल्या प्रतींमुळे. प्रामुख्याने १७५२ ते १७५७ या काळात, म्हणजे त्याच्या आयुष्याच्या अखेरच्या पाच वर्षांत, लेखनिकांकडून या प्रती तयार झाल्या. १५ खंडांतील ४९६ सोनाटे आज व्हेनिस येथील मार्चाना ग्रंथालयात आहेत. १५ खंडांचाच दुसरा संच पार्मा येथे आहे. १७५८ मध्ये राणीचे निधन झाले. तिच्या मृत्युपत्रात स्कार्लात्तीसाठी अंगठी आणि २,००० दुब्लून ठेवलेले होते. पण तो तिच्या आधीच निवर्तला होता. तिची संगीताची हस्तलिखिते आणि काही वाद्ये फारिनेल्लीला मिळाली व तो इटलीला परतताना ती बरोबर घेऊन गेला.

मूळ प्रती उपलब्ध नसल्याने कोणता सोनाटा कोणत्या वर्षी रचला गेला, हा प्रश्न अनिर्णित राहिला. १९०६ पासून अलेस्सांद्रो लोंगो याने ११ खंडांत सोनाटे प्रकाशित केले. त्याला विचित्र वाटलेले अनेक विसंवादी स्वर त्याने दुरुस्त केले. अमेरिकन हार्पसिकॉर्डवादक राल्फ कर्कपॅट्रिक याने १९५३ मध्ये चरित्रग्रंथ लिहून ५५५ सोनाट्यांना नवे क्रमांक दिले. प्रस्तुत लेखातील क्रमांक त्याच पद्धतीचे आहेत. हस्तलिखितांत अनेक सोनाटे समान षड्जाच्या जोड्यांत मांडलेले आहेत, याकडे त्याने लक्ष वेधले. त्याचा कालानुक्रम मात्र नंतरच्या अभ्यासकांनी पूर्णतः स्वीकारलेला नाही.

राणीच्या वाद्यसंग्रहात फ्लॉरेन्सला बनवलेले सुरुवातीचे पियानोही होते. त्यामुळे काही सोनाटे पियानोवर वाजवले गेले असावेत, असे मत मांडले जाते. परंतु त्या पियानोंना पट्ट्या कमी असल्याने नंतरचे अनेक विस्तृत सोनाटे त्यांवर वाजवणे शक्य नव्हते.

वारसा

इंग्लंडमध्ये रोझिनग्रेव्हने १७३९ मध्ये ४२ रचनांची आवृत्ती काढली आणि चार्ल्स ॲव्हिसनने १७४४ मध्ये त्यांच्या आधारे वाद्यवृंदासाठी १२ कॉन्चेर्तो रचले. एकोणिसाव्या शतकात कार्ल चेर्नीने २०० रचना प्रकाशित केल्या; ब्राम्सच्या खाजगी संग्रहातही स्कार्लात्तीची हस्तलिखिते होती. विसाव्या शतकात व्लादिमिर होरोविट्झने पियानोवर, तर वांदा लांदोव्स्काने हार्पसिकॉर्डवर हे सोनाटे श्रोत्यांपर्यंत नेले. स्कॉट रॉस याने १९८४–८५ मध्ये सर्व ५५५ सोनाट्यांचे ध्वनिमुद्रण केले. एका शिष्येच्या दालनासाठी लिहिलेल्या या रचना आज जगभरातील पियानोशिक्षणाचा व संगीतसभांचा नित्याचा भाग आहेत.